अकरा महिन्यांची भीती

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत एन-७ला किंवा गारखेड्यात एखाद्या घराच्या फाटकावर 'रूम किरायाने देणे आहे' अशी पाटी लागली, की त्या फाटकात होणारं बोलणं बहुतेक ठरलेलं असतं. मालक विचारतो: आडनाव काय, गाव कोणतं, काम कुठं, फॅमिली की बॅचलर. आलेला माणूस विचारतो: नळाला पाणी किती दिवसांनी येतं, बोअर आहे का, गाडी आत लागेल का, लाइट बिल वेगळं की किरायातच. जमलं तर ॲडव्हान्स हातावर पडतो आणि किल्ली मिळते. कागदाचा विषय निघालाच तर "करू की बाँड, घाई काय आहे" एवढ्यावर मिटतो. पुढं कधीतरी नोटरीकडून अकरा महिन्यांचा एक कागद येतो आणि कपाटात जातो. काही घरांत तोही येत नाही.

वरवर पाहता हा भोळेपणा वाटतो, पण त्यामागं चांगली मुरलेली भीती आहे. करार नोंदवला तर किरायदाराचा 'हक्क लागेल', पावती दिली तर त्याच्या हाती पुरावा जाईल, वीजमीटर त्याच्या नावावर झालं तर घर गेलं, दोन-तीन वर्षांच्या वर राहू दिलं तर तो हलणारच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या छोट्या घरमालकाचं सगळं धोरण अशा चार-पाच समजुतींवर उभं आहे. माझं म्हणणं असं, की या समजुतींना इतिहास आहे, पण आजच्या कायद्यात आधार नाही. उलट घर वाचवण्यासाठी मालक जे उपाय करतो, त्यांतले बहुतेक उपाय वेळ आली की त्याच्यावरच उलटतात.

आधी हा मालक कोण ते पाहू. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोनं सत्तरच्या दशकापासून वसवलेलं नवं शहर, १९८५ साली वाळूजला सुरू झालेला बजाजचा कारखाना, यांच्या आधारानं इथं मोठा पगारदार वर्ग स्थिरावला. त्यानं प्लॉट घेतला, तळमजला बांधला आणि निवृत्तीच्या वेळी फंडाच्या पैशातून वरचा मजला चढवला. मुलगा पुण्याला गेला, वरचा मजला रिकामा झाला, तो किरायाने दिला. एसटीतून निवृत्त झालेला वाहक, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, नवऱ्यामागं घर सांभाळणारी बाई, असे हे मालक. वाळूज पट्ट्यातल्या रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांत चित्र थोडं वेगळं आहे. तिथं ज्यांची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली, त्यांतल्या अनेकांनी उरलेल्या जागेवर ओळीनं खोल्या बांधल्या आणि शेतीचं उत्पन्न किरायानं भरून काढलं.

राहायला येणाऱ्यांची रांग कधी आटत नाही. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून विद्यापीठात शिकायला आलेली मुलं, घाटीच्या सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या परिचारिका, औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी बसलेले तरुण, शेंद्र्याच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेले कामगार. सरकारनं भाड्यानं राहण्यासाठी घरं बांधली ती मुख्यतः आपल्या नोकरांसाठी. बाकीच्यांच्या डोक्यावर छप्पर धरलं ते या छोट्या मालकांनी. म्हणून त्यांच्या काळज्यांना हसून चालणार नाही. ज्याच्या घरखर्चात एका मजल्याचं भाडं हाच मोठा आधार आहे, त्याच्यासाठी एक बुडवा किरायदार म्हणजे सहा महिन्यांची औषधं.

आता भीतीचा उगम. मराठवाड्यात जमीन आणि कूळ यांची आठवण खोल आहे. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं आणि १९५० साली हैदराबाद राज्यात कूळवहिवाट व शेतजमिनीचा कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, संरक्षित कुळं पुढं जमिनीची मालक झाली. न्यायाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण ज्या घरांतून जमीन गेली, त्या घरांत ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून धडा घेतला, की दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू परत येत नाही. शहरात आलेल्या माणसानं शेतीचा हा धडा जसाच्या तसा सिमेंटच्या घराला लावला. कूळकायद्याला आणि घरभाड्याच्या कायद्याला एकमेकांशी काही देणंघेणं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दुसरी आठवण मुंबईची. मुंबई इलाख्यात १९४७चा भाडे कायदा होता, विदर्भात १९४९चा आदेश, आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४चा कायदा. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, तरी इथं तो हैदराबादी कायदाच चालू राहिला. मुंबईच्या कायद्यानं भाडी गोठवली. चाळींची दुरुस्तीही निघेना इतकं ते भाडं आटलं आणि पागडीचा समांतर बाजार उभा राहिला. पुढं १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. विश्वासानं तात्पुरती जागा दिलेले मालक एका रात्रीत अडकले. ही दुरुस्ती मराठवाड्याला लागू नव्हती. पण गिरगावातल्या मामाची हकीकत तेव्हाच्या औरंगाबादेत पोचायला तिथला कायदा इथं लागू असावा लागत नाही.

भाडी गोठवण्याचा अतिरेक पुढं सर्वोच्च न्यायालयालाही मान्य करावा लागला. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी होऊन बसल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबईचा, विदर्भाचा आणि मराठवाड्याचा, तिन्ही जुन्या व्यवस्था त्यानं मोडीत काढल्या. कायदा बदलला, कट्ट्यावरच्या गप्पांतला कायदा मात्र १९७३ सालीच थांबला.

त्या गप्पांतलं सगळ्यांत चिवट वाक्य म्हणजे 'बारा वर्षं राहिला की मालक होतो'. मुदतीच्या कायद्यातली बारा वर्षं आहेत ती प्रतिकूल ताब्यासाठी, म्हणजे मालकाला न जुमानता, उघडपणे स्वतःची मालकी सांगून ठेवलेल्या ताब्यासाठी. परवानगीनं राहून भाडं देणाऱ्याचा ताबा तसा नसतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम ११६ होतं, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२२ आहे. भाडेकरू म्हणून किंवा परवानगीनं आत आलेल्याला त्या नात्यानं राहत असेपर्यंत, आपण आत आलो तेव्हा जागा याच मालकाची होती हे नाकारता येत नाही. मात्र तो परवानगीनं आला आणि भाडं देत होता, हे दाखवायला काय लागतं? करार आणि पावती. बारा वर्षांच्या भीतीनं मालक नेमक्या याच दोन गोष्टी टाळतो.

इथं १९९९च्या कायद्याची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा वाद तिच्यावर फिरतो. शहरातलं घर दोन प्रकारे देता येतं. एक, भाडेकरू म्हणून. भाडं देत राहणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला या कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. भाडं थकलं तर आधी लेखी मागणी, मग नव्वद दिवस थांबणं, मग दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूनं नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के व्याजासह भरली तर घर वाचतं. मालकाला स्वतःसाठी घर हवं असेल तर खरी गरज न्यायालयात सिद्ध करावी लागते. त्यानंतर अपील आहेच. दुसरा प्रकार परवान्याचा, म्हणजे आपण ज्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतो तो. मुदत संपली की परवानाधारकानं जागा सोडायची. नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं जातो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत 'मला लढू द्या' अशी परवानगी आधी मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात. आणि लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो.

हा दुसरा रस्ता मालकासाठीच बांधलेला आहे. त्यावर जाण्याची अट एकच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. कलम ५५ त्याहून पुढं जातं. भाड्याचा असो वा परवान्याचा, प्रत्येक करार लेखी करून नोंदवलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही महागात पडते ती त्याच कलमातली दुसरी तरतूद. नोंदवलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल किरायदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं मालकानं सिद्ध करायचं. समजा, मालक सांगतो की किराया नऊ हजार ठरला होता आणि घर वर्षभरापुरतं दिलं होतं. राहणारा सांगतो की किराया सात हजार, मुदत ठरलीच नव्हती आणि मी परवान्यावर नाही, भाडेकरू आहे. कागद नसेल तर कायद्याची सुरुवात राहणाऱ्याच्या बाजूनं होते. किरायदाराला हक्क मिळू नये म्हणून ज्यानं नोंदणी टाळली, त्यानं स्वतःच्या हातानं त्याला त्याहून मोठा हक्क दिला.

मग अकरा महिन्यांचं काय? त्यामागं १९०८चा नोंदणी कायदा आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवणं त्यानं बंधनकारक केलं, म्हणून लोकांनी मुदत वर्षाच्या आत आणली आणि नोंदणीचा खर्च वाचवला. कलम ५५ आल्यावर महाराष्ट्रात या युक्तीचा उपयोग संपला. मुदत अकरा महिन्यांची असो वा एक महिन्याची, नोंदणी आहेच. तरीही पंचवीस वर्षं झाली, आपण कारण संपलेली प्रथा निष्ठेनं पाळतो आहोत. नोटरीचा शिक्का असला की झालं, असं अनेकांना वाटतं. नोटरी सही कुणी केली एवढं पाहतो. त्याचा शिक्का नोंदणीच्या जागी चालत नाही. बाँड पूर्वी शंभरचा असे, आता पाचशेचा लागतो, पण बाँडची किंमत वाढल्यानं त्या कागदाचं वजन वाढत नाही.

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. परवान्याच्या करारावर मुद्रांक शुल्क आहे पाव टक्का. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत द्यायच्या डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. किराया महिना ८,००० आणि डिपॉझिट २०,००० असेल तर अकरा महिन्यांची बेरीज नव्वद हजारांच्या आत राहते, तिचा पाव टक्का म्हणजे साधारण सव्वादोनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. हाच करार एकदम ३६ महिन्यांचा केला तर शुल्क साधारण ७३५ रुपये आणि फी तेवढीच, एकदाच. म्हणजे अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार नोंदवण्यापेक्षा तीन वर्षांचा एक करार निम्म्याच्या आसपास पडतो. दरवर्षी किराया किती वाढणार, कुणाला जागा आधी सोडायची झाली तर किती दिवसांची नोटीस, हे सगळं त्याच करारात लिहिता येतं. हाताळणी शुल्क आणि एजंटचे पैसे धरले तरी रक्कम अर्ध्या महिन्याच्या किरायाच्या आत बसते. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम घरबसल्या होतं, दुय्यम निबंधकाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

याला आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की कागद असला तरी तारखा पडतातच. खरं आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडंही प्रकरणं रेंगाळतात. पण वाद किती मोठा आहे यावर त्याचं आयुष्य ठरतं. नोंदवलेल्या करारात प्रश्न एवढाच उरतो, की मुदत संपली की नाही. तोंडी व्यवहारात आधी नातं कोणतं होतं, मग किराया किती होता, मग तो दिला की नाही, अशी एकेक गोष्ट साक्षीपुराव्यानं लढवावी लागते.

दुसरा आक्षेप मोठ्यानं कुणी घेत नाही, तो कराचा आहे. करार नोंदवला की उत्पन्न दिसतं. पण घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकानं भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यातून सरसकट तीस टक्के वजा होतात, आणि एका मजल्याच्या किरायावर जगणाऱ्या बहुतेकांना त्यानंतर कर लागतच नाही. ज्यांना लागतो त्यांनी लपवण्याची किंमत दुसरीकडून मोजलेली असते. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराला वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. पॅन द्यायला नकार मिळाला की असा माणूस दुसरं घर पाहतो. ठरलेल्या तारखेला पगार होणारा आणि बँकेतून किराया पाठवणारा हा वर्ग मालकाला हवा असतो, आणि उत्पन्न लपवण्याच्या नादात तोच दारातून परत जातो. उरतो तो रोखीनं देणारा, म्हणजे ज्यानं दिलं की नाही याचा पुरावा कुठंच नसतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो, तो गुंठेवारीचा. या शहराचा मोठा भाग गुंठ्या-गुंठ्यानं विकल्या गेलेल्या जमिनीवर, बाँडपेपरच्या खरेदीवर उभा आहे. २००१चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली, तरी कितीतरी घरं अजून नियमित झालेली नाहीत. ज्याच्या स्वतःच्या घराचाच कागद अर्धवट, तो किरायदारासाठी सरकारी कागद करायला कचरणारच. ही भीती त्याच्या मनानं रचलेली नाही, व्यवस्थेनं त्याला दिलेली आहे. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. परवान्याचा करार मालकी ठरवत नाही. कोण कुणाच्या परवानगीनं राहतो एवढंच तो सांगतो. आणि मालकी हक्काचा कागद जितका कच्चा, तितकी परवानगीच्या कागदाची गरज मोठी. वाद झालाच तर 'याला मी आत घेतलं' हे दाखवण्यासाठी अशा मालकाकडं दुसरं फारसं काही नसतं.

चौथा आक्षेप भावनेचा. कागद आणला की घरोबा संपतो, "आपण काय परके आहोत का" असं म्हटलं जातं. अनुभव उलटा सांगतो. घरोबा तुटतो तो रंगाच्या पैशांवरून, टँकरच्या वाटणीवरून, किल्ली परत देताना फुटलेल्या बेसिनवरून. आधी न बोललेल्या गोष्टींची ही भांडणं आहेत. ज्यांच्याशी संबंध टिकवायचे आहेत, त्यांच्याशी व्यवहार आधी स्पष्ट केलेला बरा.

आता त्या फाटकातल्या पहिल्या प्रश्नाकडं, म्हणजे आडनावाकडं. मालक ते विचारतो, कारण माणूस पारखायचं दुसरं साधन त्याच्याकडं नाही. आडनावावरून जात, नावावरून धर्म, पाटीवरच्या 'फक्त फॅमिली'मधून एकट्या मुलींना आणि मुलांना नकार. या शहरात एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत घर शोधणाऱ्या मुसलमान नोकरदाराला आणि जयभीम म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला 'आत्ताच दिली हो' हे वाक्य किती वेळा ऐकायला मिळतं, ते त्यांनाच विचारावं. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि ओळख उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतली मुलं शिकण्यासाठी या शहरात येऊ लागली. ज्या शहराच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तिथं खोलीसाठी आडनाव पारखलं जावं ही शरमेची गोष्ट आहे.

कायदा इथं जवळजवळ गप्प आहे. राज्यघटनेचं कलम १५ प्रामुख्यानं राज्यसंस्थेला बांधतं. खाजगी घर भाड्यानं देताना भेदभाव करू नये असं थेट सांगणारे केंद्रीय कायदे मोजके, जसे एचआयव्हीबाधितांसाठी २०१७चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९चा. तेव्हा नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून मालकाच्याच स्वार्थाची भाषा बोलू. आडनाव किराया बुडवण्याबद्दल काहीच सांगत नाही. सांगतं ते आधीच्या मालकाला केलेला एक फोन, पगाराची चिठ्ठी, कंत्राटी कामगार असेल तर ठेकेदाराचं नाव, विद्यार्थी असेल तर प्रवेशाची पावती आणि पालकांचा नंबर. आडनाव विचारून माणूस पारखला असं वाटतं आणि खरी चौकशी राहून जाते. ज्याला आपण 'आपल्यातला' म्हणून बिनकागदाचं घर दिलं, त्याच्याकडूनच फसलेले मालक प्रत्येक गल्लीत सापडतात, कारण विश्वास ठेवला तो जातीवर, माणसावर नाही.

पोलिसांना किरायदाराची माहिती देण्याबद्दलही असाच गोंधळ आहे. पोलीस आयुक्त वेळोवेळी तसे आदेश काढतात आणि ते न पाळणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून माहिती द्यावीच. पण तो फॉर्म भरला म्हणजे करार झाला असं समजून निर्धास्त होणारे मालक आहेत. कोण राहतो हे पोलिसांना कळलं, तरी कोणत्या अटीवर राहतो हे तिथं लिहिलेलं नसतं.

रोजची भांडणं मात्र मालकीची नसून पाण्याची आणि विजेची असतात, आणि या शहरात पाण्याची अधिकच. जायकवाडीचा नाथसागर जवळ असून नळाला पाणी कित्येक दिवसांच्या खंडानं येतं. २०२० साली पायाभरणी झालेल्या नव्या योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला. दरम्यान खालच्या हौदातलं पाणी वर चढवायची मोटर कोण लावणार, टँकरचे पैसे कोण देणार, वरच्या मजल्यावरच्या चौघांनी किती वापरायचं, यावरून घराघरांत धुसफूस चालते. हे करारात लिहिण्याजोगं आहे: टँकर लागला तर वाटणी कशी, मोटरचं बिल कुणाचं. विजेचंही तसंच. एका मीटरवर दोन घरं चालली की दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि बिल वरच्या, महाग टप्प्यात जातं. वेगळं मीटर घेणं दोघांच्याही फायद्याचं आहे, आणि नोंदवलेला करार असेल तर किरायदाराच्या नावाच्या वीजबिलाला मालकानं घाबरायचं कारण नाही.

भांडण पेटलं की मात्र बऱ्याच मालकांचा हात आधी पाण्याच्या व्हॉल्व्हकडं किंवा कुलपाकडं जातो. तिथंच ते हरतात. किरायदाराचं पाणी-वीज तोडणं १९९९च्या कायद्याच्या कलम २९नं निषिद्ध आहे. कायदेशीर मार्ग सोडून कुणाला बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न पाहिलाच जात नाही. सहा महिने किराया थकवणारा माणूस एका रात्रीत पीडित होतो आणि मालक आरोपी.

डिपॉझिटच्या बाबतीत मात्र माप किरायदाराच्या बाजूनं टाकायला हवं. घर सोडताना रंग, साफसफाई, 'भिंतीला खिळे मारले' अशा सबबींखाली रक्कम कापली जाते आणि त्या रकमेसाठी कुणी वकील करत नाही. परिणाम असा होतो, की शहाणा किरायदार शेवटचे दोन महिने किरायाच देत नाही, डिपॉझिटमधून वळते करा म्हणतो. मालकाचं तारण नेमकं गरजेच्या वेळी नाहीसं होतं. इंग्लंडमध्ये २००७ पासून मालकाला डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं आणि वाद झाला तर तिऱ्हाईत निवाडा करतो. आपल्याकडं केंद्रानं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. पण तो केवळ नमुना, तो स्वीकारणं राज्यांच्या हाती. तोवर घर देताना भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवणं आणि वस्तूंची यादी कराराला जोडणं, एवढं तरी करता येतं.

सगळा भार मालकावर टाकणंही बरोबर नाही. जो कायदा नोंदणी न करणाऱ्याला कैदेची भीती दाखवतो, त्या कायद्याच्या सरकारनं ती नोंदणी सोपी करणं हे आपलं काम मानायला हवं. महापालिकेच्या प्रत्येक झोन कार्यालयात मालमत्ता कराच्या खिडकीशेजारी परवाना कराराची मदत खिडकी असावी. साध्या मराठीतला नमुना करार असावा, ज्यात पाणी, टँकर, मोटर, रंग, पाहुणे यांच्या जागा आधीच छापलेल्या असतील. गुंठेवारीतल्या मालकाला कराराची नोंदणी आणि घराचं नियमितीकरण या वेगळ्या गोष्टी आहेत हे अधिकृतपणे सांगितलं जावं. सक्षम प्राधिकाऱ्याकडची प्रकरणं वेळेत निकाली निघावीत. यांतलं काहीही खर्चिक नाही. पण छोटा घरमालक हा कुणाचाच मतदारगट नाही. किरायदार तर मतदारयादीत बहुधा आपल्या गावीच असतो. म्हणून दोघांच्याही प्रश्नांना कुणी वाली नाही.

मालक आणि किरायदार यांचं हित परस्परविरोधी असतं हे आपण गृहीत धरून चालतो. किराया किती, या एका प्रश्नापुरतं ते खरं आहे. बाकी सगळ्या प्रश्नांत दोघांना एकच गोष्ट हवी असते, पुढं काय होणार याची खात्री. एन-७मधल्या निवृत्त वाहकाला घर ठरल्या दिवशी परत मिळेल याची, आणि परभणीच्या मुलीला परीक्षेच्या आधी सामान रस्त्यावर येणार नाही याची. ही खात्री नोंदवलेल्या करारातून येते, आणि तिची किंमत अर्ध्या महिन्याच्या किरायाच्या आत आहे. ज्याला आपलं घर परत हवं आहे, त्यानं ते कुणाला, कोणत्या अटीवर आणि कधीपर्यंत दिलं, हे भांडण होण्याआधीच सरकारदरबारी लिहून ठेवावं.